ऊबदार, मसालेदार परफ्यूम घरी आणि स्वस्तात: डोंबिवलीतल्या पाच महिन्यांच्या नोंदी

१६ जून २०२४

मावशीने मस्कतहून आणलेली टाबू या परफ्यूमची बाटली आमच्या कपाटात तीसेक वर्षे पडून होती. तिच्या तळाशी राहिलेले शेवटचे थेंब आज मी कागदी पट्टीवर घेतले आणि दिवसभर दर तासाला त्या पट्टीचा वास घेऊन टिपण केले. बार्सिलोनाच्या डाना कंपनीसाठी जाँ कार्ल यांनी १९३२ मध्ये रचलेला हा परफ्यूम पुढे परदेशातल्या औषधांच्या दुकानांतही मिळू लागला आणि स्वस्त म्हणूनच ओळखला गेला. तरीही त्याचा वास मात्र भरजरी आहे, आणि कमी पैशांत हा भरजरीपणा येतो कुठून, हे मला करून पाहायचे आहे.

पट्टीवर मला जे जाणवले ते असे. सुरुवातीला संत्र्याच्या सालीसारखे काहीतरी आले, पण ते विटलेले होते. जुन्या बाटलीत सर्वांत आधी वरचे हलके वासच बिघडतात, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांवर मी विश्वास ठेवणार नाही. नंतर लवंग आली, परंतु ती फुलात गुंडाळलेली होती. सहा तासांनंतर राळ, ओलसर मातीसारखी पचौली (एका झुडपाच्या पानांचे तेल) आणि मागे व्हॅनिलाचा गोडवा एवढेच उरले, आणि हे तिन्ही पट्टीवर रात्रीपर्यंत टिकले.

हुबेहूब नक्कल करण्याचा माझा हेतू नाही आणि ती मला जमणारही नाही. या वासाचा स्वभाव तेवढा पकडायचा आहे आणि ३० मिलीच्या बाटलीला, बाटलीसह, १५० रुपयांपेक्षा जास्त खर्च येऊ द्यायचा नाही.

२२ जून

सुरुवात घरातल्या डब्यापासून केली, आणि ती चुकली, हे आताच सांगून ठेवते. लवंग, दालचिनी, जायफळ, मिरी आणि दगडफूल हे सगळे जाडसर कुटून औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये वेगवेगळ्या बरण्यांत भिजत घातले. मसाले, पूजेच्या दुकानातला ऊद आणि बरण्या मिळून ३८० रुपये झाले, अल्कोहोलचे १५० वेगळे.

६ जुलै

दोन आठवड्यांनी गाळले. मिरी सोडून बाकीचे सारे अर्क चहासारखे गडद झाले होते, आणि त्या रंगाच्या मानाने वास फारच दुबळा होता. मनगटावर लावल्यावर आधी इंजेक्शनच्या कापसाचा वास येतो, तो बराच वेळ जात नाही, आणि तो ओसरल्यावर जे मागे राहते त्याला काढ्याशिवाय दुसरा शब्द नाही. आयसोप्रोपिलला स्वतःचा उग्र वास असतो आणि तो कोणत्याही सुगंधाखाली दडत नाही, हे मला आधीच कळायला हवे होते.

मसाल्यातल्या सुगंधी तेलाबरोबर रंग, तुरटपणा आणि चिकटाही अल्कोहोलमध्ये उतरतो, म्हणून मसाल्यांसाठी हा मार्ग मी सोडून दिला. ऊर्ध्वपातन केलेले तेल विकत घेणे महाग वाटते, पण त्याचे काही थेंबच लागतात. दोन आठवडे आणि ५३० रुपये गेले.

१३ जुलै

मस्जिद स्थानकावर उतरून अर्धा दिवस गल्ल्यांमधून फिरले. सुगंधी तेलांच्या दुकानात मी मसाल्यांच्या तेलांची यादी पुढे केली तेव्हा काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी ती वाचून "बाई, हे वरचं झालं. खाली काय घालणार?" एवढेच विचारले. खाली म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा वास. मी त्यांचे पुरेसे ऐकले नाही. बेंझॉइन ही राळ आणि पचौली घेतली खरी, पण लॅब्डॅनम या दुसऱ्या राळेची किंमत ऐकून ते ठेवून दिले आणि त्याच पैशांत वेलदोड्याचे १० ग्रॅम तेल (६२० रुपये) आणि दालचिनीच्या सालीचे तेल (३४० रुपये) घेतले. पुढे यांतले एकही अंतिम मिश्रणात राहिले नाही आणि लॅब्डॅनम घ्यायला मला पुन्हा यावेच लागले.

अल्कोहोलबद्दल एक व्यावहारिक बाब नोंदवते. शुद्ध इथाइल अल्कोहोल महाराष्ट्रात परवान्याशिवाय विकत घेता येत नाही. त्यामुळे हौशी माणसाला तयार परफ्यूम बेस, म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले अल्कोहोल, घ्यावा लागतो. अर्धा लिटर ४८० रुपयांना मिळाला. त्याचा स्वतःचा वास मिनिटभरात उडतो, आयसोप्रोपिलसारखा रेंगाळत नाही. तो ज्वलनशील आहे, म्हणून हे सगळे काम स्वयंपाकघरात न करता मागच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून करायचे ठरवले.

घरी आल्यावर दगडफुलाची एक बरणी या नव्या बेसमध्ये पुन्हा भिजत घातली. युरोपातल्या परफ्यूममध्ये ओकच्या झाडावरचे जे शेवाळसदृश 'ओकमॉस' वापरतात ते खरे पाहता दगडफूल असते, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे ते भाऊबंदच आहे. कन्नौजच्या शमामा अत्तरातही जायफळ, लवंग, जटामांसी यांच्या जोडीला दगडफूल असते आणि तिकडे त्याला छरीला म्हणतात. त्यामुळे या एका बरणीवरची आशा मी सोडलेली नाही.

१४ जुलै, चाचणी १

दहा ग्रॅमचे मिश्रण केले: लवंग तेल २.००, जायफळ १.००, मिरी ०.५०, दालचिनी साल ०.५०, बेंझॉइन २.५०, पचौली १.००, व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाची पावडर) ०.५० आणि संत्र्याचे तेल २.०० ग्रॅम. म्हणजे मसाले चाळीस टक्के झाले. मसालेदार परफ्यूम म्हणजे भरपूर मसाले, अशी माझी भाबडी समजूत होती.

पट्टीवर घेताच दाताच्या दवाखान्याचा वास आला. हा भास नव्हता. लवंगेच्या तेलाचा मोठा हिस्सा युजेनॉल असतो, आणि तेच युजेनॉल दंतवैद्य तात्पुरते दात भरायला वापरतात, त्यामुळे त्या खुर्चीवर कधीतरी बसलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात हा वास पक्का बसलेला असतो. पट्टी सासूबाईंना दिली. त्यांनी डोळे मिटून एकेक नाव घेतले: "लवंग, दालचिनी, जायफळ... मिरी पण आहे. कुणाचं काय दुखतंय?"

त्यांनी चारही मसाले अचूक ओळखले, आणि याच गोष्टीचा मी आता मोजमापासारखा उपयोग करणार आहे. गोडा मसाला करण्यात ज्यांची पन्नास वर्षे गेली त्यांना जोपर्यंत मसाल्याचे नाव सांगता येते, तोपर्यंत माझे मिश्रण परफ्यूम झालेले नाही.

येथे एक अडचण आपली खास आहे. पॅरिसमध्ये अशा वासांना 'ओरिएंटल' म्हटले गेले, कारण तिकडच्या नाकाला लवंग, राळ आणि व्हॅनिला एकत्र आले की दूरदेशीचे काहीतरी वाटत होते. पॅरिसच्या गेर्लँ कंपनीच्या १९२५ च्या परफ्यूमला 'शालिमार' हे नाव मिळाले तेही त्यातूनच. आपल्या नाकाला मात्र त्यातला निम्मा माल रोजच्या फोडणीतला वाटतो. त्यामुळे तिकडची प्रमाणे जशीच्या तशी उचलली तरी परिणाम तोच होणार नाही, मसाल्याला इथे अधिक लपवावे लागेल.

२० जुलै

मनगटावर लाल चट्टे उठले आहेत. चाचणी १ चे मिश्रण पातळ न करता थेट त्वचेवर लावून पाहण्याचा मूर्खपणा मी दोन दिवस सलग केला. दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड असते, ते त्वचेला चांगलेच झोंबते आणि व्यावसायिक परफ्यूममध्येही त्याला अगदी अल्प मर्यादा घातलेली आहे. तेलाची बाटली कपाटात वर ठेवून दिली. यापुढे पट्टीवर पास झाल्याशिवाय आणि बेसमध्ये पातळ केल्याशिवाय काहीही अंगाला लावायचे नाही.

(चट्टे जायला नऊ दिवस लागले. त्यातला पहिला आठवडा नाकाला सुट्टी मिळाली, हा एक फायदा.)

२७ जुलै

काम उलट्या बाजूने सुरू केले. टाबूचे कर्ते जाँ कार्ल यांनी पुढे फ्रान्समधल्या ग्रास येथे विद्यार्थ्यांना शिकवताना जी पद्धत वापरली ती हौशी माणसालाही झेपते: तळाचे दोन घटक घ्यायचे, ते ९:१, ८:२, ७:३ असे करत १:९ पर्यंत मिसळायचे, नऊ पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि दोन्ही घटक ज्या पट्टीत वेगळे ओळखू येत नाहीत ती निवडायची.

बेंझॉइन आणि पचौली यांच्या नऊ पट्ट्या केल्या. बेंझॉइन म्हणजेच आपण दर्ग्यात किंवा संध्याकाळी घरात जाळतो तो ऊद. मराठीत ऊद म्हटले की ही राळ, आणि अरबी अत्तरवाला ऊद म्हणतो ते अगरूचे लाकूड, या घोटाळ्यात दुकानात एकदा भलतीच बाटली माझ्या हातात आली होती. ९:१ ला नुसते आइस्क्रीम वाटले, १:९ ला तळघर. ७:३ आणि ६:४ यांच्या मध्ये कुठेतरी दोन्ही एकमेकांत मुरले आणि तिसराच एक वास तयार झाला. त्यात जुन्या लाकडी पेटीसारखे काहीतरी होते. कुठलाही मसाला न घालता मला पहिल्यांदा 'ऊबदार' हा शब्द सुचला, तो इथे.

काट्याबद्दल: माझा ८५० रुपयांचा काटा ०.०१ ग्रॅम दाखवतो, पण पंखा चालू असला तर शेवटचे दोन्ही आकडे नाचतात. सकाळची पहिली तीन वजने त्यामुळे वाया गेली. पंखा बंद करून जुलैच्या घामात काम करणे भाग आहे. आणि ०.१० पेक्षा कमी वजन थेट मोजूच नये. त्या घटकाचे बेसमध्ये दहा टक्क्यांचे द्रावण करून ते दहापट मोजावे.

४ ऑगस्ट

एक आडवाट. अल्कोहोलऐवजी तेलात केले तर अत्तरासारखे होईल आणि स्वस्तही पडेल, या विचाराने ११० रुपयांचे लिक्विड पॅराफिन आणले. पचौली मिसळली, पण व्हॅनिलिन विरघळेना. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली धरून विरघळल्यासारखे दिसले, आणि रात्रीत तळाशी सुयांसारखे स्फटिक जमा झाले. बेंझॉइनचा तर तपकिरी गोळाच खाली बसला. व्हॅनिलिन आणि राळा यांना अल्कोहोलच हवे. हा प्रयोग तिथेच थांबवला.

११ ऑगस्ट, चाचणी ४

गोडवा वाढवून पाहिला. व्हॅनिलिन दुप्पट केले आणि ६२० रुपयांच्या वेलदोड्याला काम मिळावे म्हणून त्याचे दोन थेंब घातले. श्रीखंड झाले. तीन तासांनंतर बासुंदी झाली. माझ्या मुलाला ते आवडले, यावरूनच काय ते समजावे. वेलदोड्याच्या तेलात वर एक थंडावा असतो, पण व्हॅनिलिनच्या शेजारी तो थंडावा मिठाईच्या दुकानाकडे घेऊन जातो आणि आपल्याकडचे कुठलेही नाक तिथून परत येत नाही. वेलदोडा बाद.

यातून गोडव्याविषयी एक गोष्ट समजली. व्हॅनिलिन खूप स्वस्त आहे, शंभर ग्रॅम ३६० रुपयांना मिळाले, म्हणून ते जास्त घालण्याचा मोह होतो, आणि बाजारातले पुष्कळ स्वस्त ऊबदार परफ्यूम याच मोहाला बळी पडलेले असतात असे मला वाटते. गोडव्याला अडवणारे काहीतरी कडू, धुरकट किंवा चामड्यासारखे खाली असेल तरच तो खाण्याचा पदार्थ वाटत नाही.

१७ ऑगस्ट

पुन्हा मस्जिद बंदर. या वेळी निमूटपणे लॅब्डॅनम घेतले, १० ग्रॅमला ६५० रुपये. भूमध्य समुद्राच्या भागातल्या एका झुडपाची ही राळ दिसायला थेट डांबर आहे. बाटली गरम पाण्यात पंधरा मिनिटे ठेवल्याशिवाय थेंबही बाहेर येत नाही. वास गोड, कातडी पट्ट्यासारखा आणि किंचित घामट आहे. नुसते हुंगले तर कोणी विकत घेणार नाही. पण बेंझॉइन-पचौलीच्या निवडलेल्या मिश्रणात थोडेसे मिसळल्यावर व्हॅनिलिनचे आइस्क्रीम तत्काळ नाहीसे झाले. जोडीला नागरमोथ्याच्या तेलाचे दहा टक्के द्रावण घातले आणि खाली एक धुरकट लाकूड तयार झाले. सासूबाई पट्टी हुंगून म्हणाल्या, "उटण्याचा वास." नागरमोथा उटण्यात असतोच, तेव्हा त्यांचे बरोबर होते. मी त्याचे प्रमाण निम्मे केले.

बेंझॉइनवर पैसे वाचवण्याचाही एक प्रयत्न केला. पूजेच्या दुकानातला ऊद परफ्यूम बेसमध्ये विरघळवून दोनदा गाळला. रंग छान लालसर आला, पट्टीवर वासही जवळजवळ तोच होता, पण त्वचेवर लावल्यावर अर्ध्या तासाने मनगट कपड्याला चिकटू लागले. धूप म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात साधी राळ मिसळलेली असू शकते आणि जाळताना ती कळत नाही. विकतचे बेंझॉइन बरे.

२५ ऑगस्ट, चाचणी ६ आणि ७

टाबूच्या पट्टीवर लवंग 'फुलात गुंडाळलेली' वाटली होती, हे टिपण आज कामी आले. युजेनॉलच्या शेजारी गुलाबाचा वास ठेवला की नाकाला लवंग किंवा गुलाब न वाटता कार्नेशनचे फूल वाटते, आणि जुन्या ऊबदार परफ्यूमच्या रचनेत ही युक्ती वारंवार आढळते. गुलाबाचे तेल माझ्या हिशेबात बसण्याचा प्रश्नच नव्हता. त्याऐवजी दोन स्वस्त गोष्टी घेतल्या: फिनाइल इथाइल अल्कोहोल, ज्याला गुलाबपाण्यासारखा मऊ वास असतो (५० ग्रॅम १८० रुपये), आणि रोशा गवताचे तेल (२५ ग्रॅम २०० रुपये).

रोशा तेलाची गंमत अशी की ते आपल्या खानदेशाचे. एके काळी हे तेल तिकडे काढून मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जात असे आणि तिथे गुलाबाच्या महागड्या तेलात त्याची भेसळ होत असे. ज्या तेलाने बल्गेरियाच्या गुलाबाला फसवले ते माझ्या सासूबाईंना फसवील, अशी माझी अपेक्षा होती.

चाचणी ६ मध्ये रोशा तेल जास्त झाले आणि गवती, साबणासारखा वास आला. चाचणी ७ मध्ये ते निम्मे केले, फिनाइल इथाइल अल्कोहोल त्याच्या दुप्पट ठेवले आणि लवंग पूर्वीच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. दवाखाना गेला. सासूबाई बराच वेळ पट्टी नाकाशी धरून होत्या. "कसलं तरी फूल आहे. जायफळ आहे का? नसेल." हे "नसेल" माझ्यासाठी दोन महिन्यांतले सर्वांत मोठे यश होते.

१ सप्टेंबर

मिश्रण अजून घट्ट आणि बंद वाटत होते, कोंदट खोलीसारखे. त्यात हवा खेळावी म्हणून आयसो ई सुपर हे लाकडासारख्या वासाचे कृत्रिम रसायन घातले. बाटली उघडून हुंगली तर काहीच नाही. दुकानदाराने पाणी दिले असे वाटून चरफडले, पण नवऱ्याने खोलीत येताच "देवदाराचा वास कुठून येतोय?" असे विचारले. हा घटक काही नाकांना कमी जाणवतो किंवा मध्येच नाहीसा होतो, आणि माझे नाक त्यांतले निघाले. गॅलॅक्सोलाइड या कस्तुरीसदृश घटकाचेही तसेच. अशा घटकांचे प्रमाण स्वतःच्या नाकावर ठरवू नये, नाहीतर आपल्याला जाणवेपर्यंत ओतत राहतो. आयसो ई सुपरचे तीन वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने करून मजल्यावरच्या चार घरांत दिले आणि बहुमताने मधले निवडले. जाँ कार्ल यांची घ्राणशक्ती उतारवयात गेली होती आणि तरीही ते काम करत राहिले, हे या आठवड्यात मला अनेकदा आठवले.

१४ सप्टेंबर, अंतिम मिश्रण

घरचे गणपती झाल्यावर शांतपणे बसून २० ग्रॅमचे मिश्रण तोलले, पंखा बंद ठेवून. प्रमाण असे: बेंझॉइन (निम्मे पातळ केलेले, दुकानात तसेच मिळते) ४.००, आयसो ई सुपर ३.००, पचौली २.४०, संत्र्याचे तेल २.४०, गॅलॅक्सोलाइड (हेही निम्मे पातळ) २.००, फिनाइल इथाइल अल्कोहोल १.६०, व्हॅनिलिन १.००, लॅब्डॅनम ०.८०, रोशा तेल ०.८०, कुमारिन ०.६०, जायफळ ०.५०, लवंग ०.४०, मिरी ०.३० आणि नागरमोथा ०.२० ग्रॅम.

व्हॅनिलिन आणि कुमारिन या दोन्ही पावडरी आधी फिनाइल इथाइल अल्कोहोलमध्ये, कोमट पाण्यात बाटली धरून, पूर्ण विरघळवून घेतल्या आणि मगच बाकीची तेले घातली. कुमारिन सुकलेल्या गवतासारखे आणि किंचित बदामासारखे वासाचे असते, आणि ते आल्यावर व्हॅनिलिनचा कोवळा गोडवा कोरडा झाला. बर्गमॉट या महाग फळाऐवजी साध्या संत्र्याचे तेल वापरले आहे. त्यात तो कडसर डौल नाही हे मान्य, पण बर्गमॉटच्या साध्या तेलाने उन्हात त्वचेवर डाग पडू शकतात, ती काळजी संत्र्यात नाही.

मसाल्यांची बेरीज १.२० ग्रॅम, म्हणजे सहा टक्के. जुलैत ती चाळीस होती.

या २० ग्रॅममध्ये १०० ग्रॅम परफ्यूम बेस घालून बाटली हलवली आणि कपाटात ठेवली. दोन महिने मुरलेला दगडफुलाचा अर्क शेवटी घातला नाही. वेगळ्या नमुन्यात तो घालून पाहिला, पण फरक कोणालाच सांगता आला नाही.

१५ सप्टेंबर

एक मोठी चूक, सुदैवाने छोट्या प्रमाणात. थोडे डिस्टिल्ड पाणी घातले की अल्कोहोलचा तिखटपणा कमी होतो, असे कोठेतरी वाचून १० ग्रॅम नमुन्यात एक ग्रॅम पाणी घातले. क्षणात ताकासारखे पांढुरके झाले. राळा आणि संत्र्याचे तेल इतके असताना पाण्याला जागाच नाही. मूळ बाटलीत ओतण्याआधी नमुन्यावर पाहिले म्हणून वाचले.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. चार आठवडे पूर्ण झाले आणि आज बाटली उघडली. पहिल्या दिवशी संत्रे, लवंग आणि पचौली आळीपाळीने नाकात येत होती, त्यांचे कोपरे आता घासले गेले आहेत. दर आठवड्याला एक पट्टी घेऊन लिहून ठेवत होते. पहिल्या आठवड्यात अल्कोहोल टोचत होते, दुसऱ्यात मिरी पुढे होती, तिसऱ्यापासून फारसा बदल नाही. म्हणजे निदान तीन आठवडे तरी थांबावेच. मी चाचणी २ आणि ३ दुसऱ्याच दिवशी ओतून टाकल्या होत्या (त्या इथे नोंदवल्याही नाहीत), त्यांतली एखादी मुरल्यावर बरी निघाली असती, असे आता वाटते.

बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली, तळाशी तपकिरी गाळ बसला, आणि थंड असतानाच कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घेतले. रंग गडद चहाचा आहे. व्हॅनिलिन काळाच्या ओघात आणखी गडद होत जाते, म्हणून बाटल्या तपकिरी काचेच्या घेतल्या.

२६ ऑक्टोबर, हिशेब

साधारण १४५ मिली तयार झाले. सुगंधी मिश्रणाला २१६ रुपये आणि बेसला १२० रुपये, म्हणजे ३० मिलीला सुमारे ७० रुपये पडले. स्प्रेची बाटली ४५ रुपये. एकूण ११५. ठरवलेल्या १५० रुपयांच्या आत.

आता दुसरा, कमी सुखद हिशेब. वापरलेले सर्व घटक किमान जेवढे मिळतात तेवढेच घ्यावे लागतात, त्यांचे ४,३७५ झाले. बेस ४८०, काटा ८५०, बाटल्या-ड्रॉपर-पट्ट्या ६४०, आणि निव्वळ वाया गेलेले (वेलदोडा, दालचिनी साल, पॅराफिन, आयसोप्रोपिल, भिजवलेले मसाले) १,६००. बेरीज ७,९४५ रुपये. पहिल्याच बाटल्यांवर 'स्वस्त' हा शब्द लावायचा असेल तर चार मैत्रिणींनी मिळून खरेदी करावी. घटक पुढच्या अनेक खेपांना पुरतील एवढे उरले आहेत.

त्या २१६ रुपयांतले तीन मसाल्यांचे मिळून जेमतेम २३ रुपये आहेत. बेंझॉइन, लॅब्डॅनम, पचौली, व्हॅनिलिन, कुमारिन आणि नागरमोथा या तळातल्या मालावर १४० रुपये गेले. मस्जिद बंदरच्या त्या गृहस्थांनी "खाली काय घालणार?" असे विचारले होते ते याचसाठी.

३ नोव्हेंबर

पाडव्याला आणि भाऊबीजेला लावून पाहिले. घरातल्या थंड खोलीत दोन फवारे योग्य वाटतात: दहा मिनिटे संत्रे, तासभर ते फूल आणि त्यामागे जायफळ-मिरीची ऊब, आणि नंतर सहा-सात तास राळ व पचौली. लोकलमध्ये मात्र तेच दोन फवारे जास्त झाले. गर्दीत आणि उकाड्यात वरचे वास पाच मिनिटांत उडून गेले आणि तळाचा जडपणा एकदम उसळला. शेजारच्या बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवले, त्याचे कारण मीच असावे. हा थंडीतला परफ्यूम आहे आणि आपल्या हवेसाठी तो पातळ हवा. पुढच्या खेपेला १०० ऐवजी १५० ग्रॅम बेस घेणार आहे.

दुसरा दोष: नवऱ्याच्या पांढऱ्या झब्ब्याच्या कॉलरवर पिवळट डाग पडला आणि तो एका धुण्यात गेला नाही. बाटलीवर 'कपड्यांवर मारू नये' अशी चिठ्ठी चिकटवली.

एक बाटली मावशीला दिली. तिने मनगटावर मारले, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "माझ्या त्या बाटलीपेक्षा साधं आहे. पण खालचं तेच आहे." सासूबाईंना शेवटची पट्टी दिली तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटले, दोनदा हुंगले आणि कुठल्याच मसाल्याचे नाव घेतले नाही. "कशाचं आहे हे?" असे त्यांनी विचारले. सांगितल्यावर त्यांचा लवंगेवर विश्वास बसला नाही.

१० नोव्हेंबर

दगडफुलाचा अर्क दुबळा का राहिला त्याचा एक उपाय करून पाहत आहे. तोच अर्क गाळून त्यात दर पंधरा दिवसांनी ताजे, कोरडे दगडफूल भिजत घालायचे, असे पाच वेळा. आज दुसरी भर घातली. बरणीचा वास पावसात भिजलेल्या दगडी पायरीसारखा येऊ लागला आहे. डिसेंबरअखेर पाचवी भर झाली की नागरमोथ्याच्या जागी तो पाच टक्के घालून चाचणी ८ करीन.